निफाडच्या थंडीत मिनी ट्रॅक्टर सकाळी पकडत नाही? या चुका टाळा

डिसेंबर आला की नाशिक जिल्ह्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून यायला लागतो, कधी आठ, कधी सहा, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली, आणि त्याच आठवड्यात पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडच्या मिस्त्री लोकांचे फोन पहाटेपासून वाजायला लागतात. "भाऊ, सेल्फ मारतोय पण पकडतच नाहीये." द्राक्षवाल्याला थांबायची सोय नसते, रात्रभर दव पडलेलं असतं, डावणीचं (द्राक्षावरच्या बुरशीचं) औषध सकाळीच मारायचं असतं, ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी भरून तयार असते आणि दोन ओळींत बसणारा तो चोवीस-सत्तावीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर नुसता कण्हत असतो.

मग लोक मोबाईल काढतात आणि कॅनडा-अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बसवा, ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल टाका, डिझेलमध्ये अमुक बाटली ओता. अहो तिकडे उणे वीस-तीस असतं, इकडे सहा अंशाला शाल पांघरून चहा पितात माणसं. सहा अंशाला चांगला ट्रॅक्टर हमखास चालू होतो. नाही झाला तर दुखणं आधीचं आहे, उन्हाळ्यातलं नाहीतर पावसाळ्यातलं, थंडीने फक्त ते बाहेर काढलं. म्हणून तयारी करायची ती दिवाळीच्या आसपास, डिसेंबरात पहाटे टॉर्च धरून नाही.

बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

सगळ्यात जास्त केसेस ह्याच असतात. बॅटरीचं खरं आयुष्य उन्हाळा खातो, बॉनेटखालच्या उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, पण गरम दिवसात इंजिन हलकं फिरतं म्हणून अर्धमेली बॅटरीसुद्धा काम भागवते. थंडीत दोन्हीकडून मार बसतो, बॅटरीची ताकद कमी होते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते.

साधा मल्टिमीटर घ्या, दोन-चारशेला मिळतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर फुल, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मारताना आकडा बघा, १० च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी गेली किंवा कनेक्शन खराब. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर नवी बॅटरी आणून काही उपयोग नाही, चार्जिंगच होत नाहीये, फॅन बेल्ट ढिला आहे का ते आधी बघा.

आणि टर्मिनल! बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारणाऱ्या ट्रॅक्टरची टर्मिनलं कधी नीट बघितलीत का? मोरचुदाचं तुषार सगळीकडे बसतं, त्यात बॅटरीचं ॲसिड, त्यात दव, आणि हिरवं-पांढरं पीठ साठतं. वरून वायर घट्ट दिसते पण आतून करंटच जात नाही. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशने घासायचं (बॅटरीची झाकणं बंद ठेवून, सोडा आत गेला तर ॲसिडच मारेल), कोरडं करायचं, घट्ट बसवून वरून व्हॅसलीन. निगेटिव्हची जाड वायर चेसीला जिथे बोल्ट मारलेली असते ती जागा सगळे विसरतात, तिथला गंज पण घासायचा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच ट्रॅक्टर पकडतो आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.

साउंड सिस्टिमवाल्यांना वेगळं सांगतो. टेप आणि ते निळे लाईट डायरेक्ट बॅटरीवरून जोडले असतील तर चावी काढली तरी रात्रभर थोडं थोडं पीत राहतात. चावीनंतरच्या वायरवरून घ्या, नाहीतर मेन स्विच बसवा. गाणी ऐकायला माझी ना नाही.

ड्रममधलं जुनं डिझेल

हा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. आपल्या देशात डिझेलच्या मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं डिझेल वेगळं धरलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोंदायला लागतो त्या तापमानाची हद्द हिवाळी डिझेलला जास्तीत जास्त ६ अंश ठरवलीये आणि उन्हाळी डिझेलला १८. ही वरची हद्द आहे, प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल त्यापेक्षा चांगलं असू शकतं, पण सप्टेंबरात छाटणीच्या आधी भाव बघून दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवला असेल तर तुम्ही डिसेंबरच्या पहाटे उन्हाळी डिझेल वापरताय एवढं लक्षात ठेवा.

लक्षण ओळखायला सोपं आहे. ट्रॅक्टर चालू होतो, दोन-पाच मिनिटं चालतो, लोड दिला की दम टाकतो आणि बंद पडतो. आणि दहा वाजता ऊन लागलं की जसं काही झालंच नाही. असं होत असेल तर ड्रममधलं डिझेल दिवसा ऊन असताना संपवा आणि सकाळच्या फवारणीसाठी पंपावरून ताजं आणा. अडलंच तर फिल्टरवर फडकं गुंडाळून वरून गरम पाणी ओता. उकळतं नको, आणि आग तर बिलकुल नको.

रॉकेल मिसळायची जुनी सवय आहे काही लोकांची. सोडून द्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं, ते काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो म्हणून कंपन्या वरून ॲडिटिव्ह टाकतात. त्यात रॉकेल ओतलं की ते वंगण पातळ झालं. इंजेक्शन पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि पंप-नोझलचं बिल काय येतं ते ज्याने भरलंय त्यालाच विचारा. पेट्रोल मिसळणं तर उघड उघड आगीला आमंत्रण.

मेणापेक्षा आपल्याकडे जास्त त्रास खरा तर पाण्याचा. दिवसा अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे सात-आठ, एवढा फरक नाशिकच्या हिवाळ्यात रोजचा. अर्ध्या रिकाम्या टाकीतली हवा रात्री गार होते आणि आतल्या पत्र्याला घाम सुटतो, तो थेंब थेंब खाली तळाशी. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी टाकी फुल करायची, सकाळी नाही. फिल्टरखालची काचेची वाटी, नाहीतर ड्रेन स्क्रू, आठवड्याला एकदा सोडा, पाणी खाली बसतं ते वेगळं दिसतं. सोडल्यावर डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायला विसरू नका, नाहीतर सकाळी "एअर धरला" म्हणून परत तीच कथा.

हीटर आहे का, ते आधी बघा

काही छोट्या इंजिनांना ग्लो प्लग असतात, चालू करायच्या आधी सिलिंडर आतून तापवणारे, आपण हीटर म्हणतो ते, आणि बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांना नसतात. मॅन्युअल बघा. असेल तर चावी हीटरवर धरून पुस्तकात दिलेले तेवढे सेकंद थांबायचं, साधारण पाच-दहा सेकंद असतात. घाईत लोक डायरेक्ट सेल्फ मारतात, पकडत नाही, परत मारतात, बॅटरी उतरते आणि दोष ट्रॅक्टरला.

तीन सिलिंडरपैकी एकाचा प्लग गेला तरी ट्रॅक्टर चालू होतो, फक्त आधी दोनावर थरथरतो, पांढरा धूर टाकतो आणि अर्ध्या मिनिटाने सरळ होतो. हे दिसलं की समजून घ्या. तपासायचं असं, प्लगच्या वरची जोडपट्टी काढायची, १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या टोकाला. बल्ब पेटला तर प्लग बहुतेक शाबूत, नाही पेटला तर मेला. सगळेच चांगले निघाले तर फ्यूज, रिले, वायर बघा. उंदीर! मका-सोयाबीन निघालं की शेडमध्ये येतात आणि वायरीचं प्लास्टिक त्यांना का आवडतं देव जाणे. एअर फिल्टरच्या नळीत घर केलेलं पण निघतं.

हीटरवाल्या इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे मारायचा नाही. लालबुंद प्लगला लागून तो नको त्या वेळेला भडकतो, पिस्टन-रिंग जाते, कधी माणसाचा चेहरा भाजतो. आणि तो डिझेलचा पेटता बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा प्रकार, तो अजूनही चालतो आपल्याकडे. बंद करा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा, मोटर गार होऊ द्या. क्लच पूर्ण दाबून मारा, मग गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल इंजिनाला ओढावं लागत नाही, एवढ्याने पण फरक पडतो. थ्रॉटल थोडा पुढे.

बाकी एक चूक अशी आहे की ती थेट जिवावर येते. बाजूला उभं राहून पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरची टोकं जोडणं. न्यूट्रलचा जो सेफ्टी स्विच असतो त्याला असं केल्याने बगल मिळते, ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर चालू झाल्या झाल्या पुढे येतो, आणि तुम्ही मागच्या चाकाच्या पुढेच उभे असता. छोटा ट्रॅक्टर आहे म्हणून काय झालं, टनाच्या आसपास वजन असतं.

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी लावू नका. प्लस प्लसला, आणि निगेटिव्हचं शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या चेसीला, बॅटरीपासून लांब.

थर्मोस्टॅट काढून फेकलाय?

उन्हाळ्यात ट्रॅक्टर गरम होतो म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतो, "याची काही गरज नाही आपल्याकडे". खरं कारण असतं रेडिएटरच्या जाळीत अडकलेला छाटणीचा भुसा आणि गंधकाची भुकटी, नाहीतर आत बोअरच्या क्षारी पाण्याचा थर. मग डिसेंबरात तेच इंजिन गरमच होत नाही. काटा खालीच, धूर पांढरा, डिझेल जास्त, न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. नवा थर्मोस्टॅट काही महाग नाही, बसवून घ्या आणि जाळी आतल्या बाजूने बाहेर हवा मारून साफ करा.

रेडिएटरमध्ये आपल्याकडे पाणी गोठत नाही हे मान्य, पण कूलंट फक्त गोठण्यासाठी नसतो, गंज आणि क्षार थांबवायला पण असतो. बोअरचं पाणी काढा, आतून धुवा, तयार कूलंट भरा. कॉन्सन्ट्रेट आणलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा, बाटलीवर प्रमाण असतं.

इंजिन ऑइलचं टेन्शन घेऊ नका. १५डब्ल्यू-४० आपल्या थंडीला पुरून उरतं, पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेही. बदलायची तारीख उलटून गेलेलं काळं कुळकुळीत ऑइल मात्र थंडीत डांबरासारखं वागतं, ते बदला. डिपस्टिकवर दुधी रंग दिसला तर पाणी गेलंय, चालवू नका.

चालू झाल्यावरचा घोळ

दोन टोकाची माणसं. एक जण चालू होताच रेस देऊन पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट) टाकतो, ब्लोअर पूर्ण वेगाने, ऑइल अजून वर पोचलेलं नसतं आणि टर्बो नसला तरी बेअरिंग असतेच की. दुसरा आयडलवर ठेवून अर्धा तास चहाला जातो, त्यातही इंजिन गरम होत नाही, नुसतं डिझेल आणि काजळी. एखाद-दोन मिनिट आयडल, मग बाराशे-पंधराशे आरपीएमवर बांधाने रिकामा चालवत न्या, हायड्रॉलिक दोनदा वर-खाली करा (पहिल्यांदा जड, हळू उचलणारच), मग कमी रेसवर पीटीओ टाकून हळूहळू वाढवा. पाच-सात मिनिटांचं काम आहे. आणि हे शेडचं दार लावून थंडी वाजते म्हणून आत नका करू, धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो.

संध्याकाळी फवारणी झाल्यावर ट्रॅक्टर धुऊन तसाच ओला लावतात, रात्रभर दव वरून वेगळंच. धुवायचाच असेल, आणि बोर्डोनंतर धुवायलाच पाहिजे, तर दुपारी धुवा, दहा मिनिटं चालवून वाळवा, ग्रीस मारा. ब्लोअरच्या पंपातून आणि पाइपांतून साधं पाणी फिरवून रिकामं करा, उरलेलं औषध रात्री तळाशी बसतं आणि सकाळी नोझल चोंदतात, मग ट्रॅक्टर चालू असून काम बंद. टायरची हवा पण थंडीत उतरते, साधारण साडेपाच-सहा अंशाला एक पीएसआय, ती सकाळी गार टायरवरच तपासायची.

एवढं सगळं करूनही सेल्फ चांगला फिरतोय, धूर अजिबात येत नाही आणि पकडत नाही, तर डिझेलच पोचत नाहीये, एअर, फिल्टर किंवा स्टॉपची केबल/सोलेनॉइड बघा. धूर पांढरा भरपूर येतोय पण पकडत नाही, तर डिझेल जातंय पण पेटत नाही, हीटर आणि मग कॉम्प्रेशन. सेल्फ नुसता टक टक करतोय तर बॅटरी-टर्मिनल. मिस्त्रीला फोन करताना ह्या तिघांपैकी कोणतं होतंय एवढं सांगितलं तरी तो येताना बरोबर सामान घेऊन येतो.