उन्हाळ्यात हायपोचा डोसिंग पंप हवा धरायचा, त्याची गोष्ट

भोसरीच्या आमच्या प्लांटवर पाण्यात क्लोरीनसाठी सोडियम हायपोक्लोराइट (आम्ही म्हणतो हायपो) सोडणारा डोसिंग स्किड आहे, म्हणजे एकाच फ्रेमवर बसवलेले टाकी, पंप आणि पाइप. एप्रिल लागला की दुपारी पंप टकटक चालायचा, पण पाण्यातलं क्लोरीनचं रीडिंग शून्याकडे. सकाळी पुन्हा सगळं सुरळीत.

डायफ्राम, म्हणजे पंपात मागेपुढे होऊन द्रव ढकलणारा लवचीक पडदा, बदलला, फरक पडला नाही. मग कॅलिब्रेशन कॉलमवर, म्हणजे पंप किती द्रव ओढतो ते मोजायच्या खुणांच्या नळीवर, पंप चालवला, तर पातळी हलेचना. पंपाकडे हायपो आणणाऱ्या पारदर्शक सक्शन नळीत बारीक बुडबुडे चढताना दिसले, तिथेच कोडं सुटलं. १०-१२ टक्क्यांचं हायपो उन्हात विघटित होतं आणि ऑक्सिजन सुटतो. तो पंप हेडमध्ये (डायफ्रामसमोरच्या पोकळीत) अडकला की डायफ्राम नुसता वायूच दाबत बसतो, बाहेर जाणाऱ्या बाजूच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा बॉल उचललाच जात नाही.

मूळ स्किडवर पंप टाकीच्या डोक्यावर होता. उकळत्या उन्हात हायपो वर ओढून घ्यायचं म्हणजे वायूला आमंत्रणच! फॅब्रिकेटरकडून फ्रेम बदलून पंप टाकीच्या आउटलेटखाली घेतला. सक्शन लाइन आखूड केली, टाकीकडे सतत चढती ठेवली, म्हणजे बुडबुडे मागे निघून जातात. हेडवर वायू बाहेर सोडणारा डीगॅसिंग व्हॉल्व्ह बसवून त्याचा रिटर्न टाकीत सोडला. टाकीवर शेड घातली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: हायपोच्या लाइनवर साधा बॉल व्हॉल्व्ह (आरपार भोक असलेला गोळा फिरवून उघडबंद होणारा) नको. बंद बॉलच्या पोकळीत हायपो अडकून त्यातून सुटणाऱ्या वायूने दाब वाढतो, व्हॉल्व्ह फुटू शकतो. बॉलला बाजूने वेगळं बारीक छिद्र असलेला, व्हेंटेड प्रकारचाच मागा आणि बंद असताना छिद्राची बाजू टाकीकडे ठेवा.