पॅकेट हेडर वाचताना या चुका टाळा

कनेक्शन लागत नाही म्हटल्यावर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून कॅप्चर, म्हणजे त्या पॅकेटांची नोंद, घेणं सोपं असतं. गाडी अडते ती पुढे. हेडर म्हणजे पॅकेटच्या पुढे जोडलेली माहिती, आणि त्यातला प्रत्येक आकडा कोणीतरी लिहिलेला असतो, काही पाठवणाऱ्या मशीनने, काही वाटेतल्या राउटरने. तो कोणी लिहिला आणि कॅप्चर कुठे घेतलं हे पाहिलं नाही, तर खापर भलत्याच्याच माथी फुटतं.

आधी चेकसम, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का ते तपासायचा आकडा. आपल्याच मशीनवरून बाहेर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पॅकेटचा चेकसम चुकीचा दिसला, तर केबल किंवा कार्ड बदलायला धावू नका. चेकसम काढायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्क कार्डावर सोपवते आणि वायरशार्क पॅकेट टिपतो ते त्याआधी. १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटं दिसतात तीही यामुळेच, कारण तुकडे पाडायचं कामही कार्डाकडेच असतं.

‘सर्व्हर बंद आहे’ असं घाईने ठरवणं ही दुसरी चूक. सिन (कनेक्शन सुरू करायची विनंती) गेलं, उत्तर नाही, आणि तेच सिन त्याच सीक्वेन्स नंबरने (डेटाच्या क्रमांकाने) पुन्हा पुन्हा जातंय, तर फायरवॉल ते गिळत असेल, राउट चुकला असेल, किंवा उत्तर परतीच्या वाटेवर हरवत असेल. हे एका बाजूच्या कॅप्चरवरून कळत नाही. सर्व्हरवरही कॅप्चर घ्या. तिथे सिन पोचून सिन-अ‍ॅक (सिनला सर्व्हरचा होकार) निघत असेल, तर परतीची वाट तपासा.

लगेच रीसेट (कनेक्शन तोडणारं पॅकेट) आला, तर निदान कोणीतरी उत्तर दिलंय. एक तर त्या पोर्टवर कोणताही प्रोग्रॅम ऐकत नाही, किंवा मधल्या उपकरणाने नकार दिलाय. इथे टीटीएल बघा, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा. लिनक्स साधारण ६४ पासून सुरू करतं, विंडोज १२८ पासून, आणि प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. त्याच सर्व्हरच्या चालू पोर्टवरून आलेल्या सिन-अ‍ॅकचा टीटीएल ५२ असेल आणि रीसेटचा ६१, तर तो रीसेट सर्व्हरने नव्हे, जवळच्या कोणीतरी लिहिला असल्याचा दाट संशय घ्या.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो एमटीयूचा, म्हणजे वाटेवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या आकाराचा, घोळ. पिंग चालतं, हँडशेक (कनेक्शन जोडायची सुरुवातीची देवाणघेवाण) होतो, छोटी पानं उघडतात. मोठं पान किंवा डाउनलोड मात्र अडकून बसतं. ब्रॉडबँडवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी देणारी पद्धत) असेल तर त्याचे ८ बाइट जाऊन १५०० चे १४९२ उरतात. समोरचा सर्व्हर १५०० चं पॅकेट डीएफ बिट (‘तुकडे पाडू नका’ ही खूण) लावून पाठवतो. ते पुढे जाणार नाही हे कळवायला वाटेतला राउटर आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) प्रकार ३, कोड ४ पाठवतो. पण सर्व्हरच्या बाजूला कोणी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं असेल, तर हा निरोप पोचतच नाही. मग सर्व्हरच्या कॅप्चरमध्ये तेच मोठं सेगमेंट (डेटाचा तुकडा) पुन्हा पुन्हा जाताना दिसतं. तुमच्या कॅप्चरमध्ये ते येतच नाही, सीक्वेन्स नंबरात नुसती फट राहते.

खात्री करायला विंडोजच्या पिंगला तुकडे न पाडण्याचा पर्याय देऊन डेटाचा आकार १४७२ ठेवा. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५०० होतात. उत्तर येईपर्यंत आकार कमी करत जा. साध्या पीपीपीओईवर १४६४ ला उत्तर यायला हवं. जो आकार जाईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. त्यातून आयपी आणि टीसीपी हेडरचे ४० वजा करून राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) तेवढ्यावर बांधणारं क्लॅम्पिंग लावा, म्हणजे १४९२ ला १४५२. व्हीपीएन असेल तर बोगद्याच्या आतून वेगळं मोजा, कारण त्याचं हेडर आणखी जागा खातं. आणि आयसीएमपीचा तो एक प्रकार तरी फायरवॉलमधून मोकळा सोडा, ही कळकळीची विनंती.

एमएसएस आणि विंडो स्केल (विंडो, म्हणजे ती लिहिणारं मशीन अजून किती डेटा घेऊ शकतं तो आकडा, कितीने गुणायचा ते) फक्त सिन आणि सिन-अ‍ॅकमध्ये लिहिलेले असतात. म्हणून कनेक्शन चालू असताना मधूनच कॅप्चर सुरू करू नका. स्केल माहीत नसेल तर ५०१ ची विंडो चिमुकली वाटते. १२८ च्या स्केलने तीच ६४,१२८ बाइट असते. विंडो खरोखर शून्य दिसली, तर नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी ती कोणी लिहिली ते बघा. त्या मशीनवरचा प्रोग्रॅम आलेला डेटा उचलत नाहीये.