पुळणीत हरवलेली अंगठी मेटल डिटेक्टरने शोधताना या चुका टाळा

अंगठी पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जेवढं नुकसान होतं, तेवढं नंतर होत नाही. घरचीच चार माणसं गुडघ्यावर बसून वाळू उपसतात, पोरं पायाने उकरतात, आणि वरच्या बोटभर थरात असलेली अंगठी वीतभर खाली जाते, दोन हात बाजूलाही सरकते. आधी सगळ्यांना उठवा. शंका असेल तिथे काठी रोवा आणि मोबाइलवर लोकेशनही साठवा. लोकेशन तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून काठी हवीच.

“कुठे पडली?” हा प्रश्नच चुकीचा

ते माहीत असतं तर डिटेक्टर लागलाच नसता. विचारायचं ते असं: बोटात शेवटची कधी दिसली, आणि त्यानंतर हाताने काय काय केलं? अंगावर क्रीम चोळलं, चेंडू फेकला, ओले कपडे पिळले, टॉवेल झटकला? काढून खिशात किंवा टॉवेलात ठेवलेली अंगठी झटकताना उडते, आणि माणूस शपथेवर सांगतो की ती पाण्यातच गेली.

मोबाइलमधले फोटो वेळेनुसार लावा. ज्या फोटोत बोट रिकामं दिसतं, त्याच्या आधीचा फोटो मोलाचा. त्यात मागे काय आहे ते बघा. समजा शहाळ्याच्या टपरीचा डावा खांब आणि मागचा वाकडा माड एका रेषेत दिसतो. किनाऱ्यावर तशीच रेष जुळेपर्यंत सरका. त्याच जागेवरून काढलेल्या दुसऱ्या फोटोतून कातळाचं टोक आणि सुरूच्या बनाची कड अशी आणखी एक रेष मिळाली, की दोन्ही जिथे छेदतात तिथून शोध सुरू करायचा. अर्ध्या किलोमीटरची पुळण यामुळे दहा-बारा मीटरच्या चौकोनावर येते.

भरती-ओहोटी न बघता निघणं

कोळ्यांचा जुना हिशोब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, अष्टमीच्या भांगात तेवढं जात नाही. उथळ पाण्यात पडलेली अंगठी उधाणाच्या ओहोटीला उघड्या वाळूत शोधता येते. मात्र त्यासाठी आठवडाभर थांबू नका. मिळेल त्या पहिल्या ओहोटीला एकदा शोधून घ्या, कारण जड सोनं लाटांच्या हलत्या वाळूत खाली बसत जातं.

ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा आणि उतरत्या पाण्यामागे खाली सरका. ओली पट्टी आधी, कोरडी नंतर. कोरड्या पट्टीला भरती लागत नाही, ती थांबू शकते. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवर पाण्याची ओढ जीवघेणी आहे. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.

मशीनच्या चुका

सर्वांत महाग चूक म्हणजे कचरा नको म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळणारी सेटिंग, वाढवणं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे मशीनच्या पडद्यावरचे आकडे एकमेकांत मिसळतात. कागद गाळलात की नाजूक अंगठीही गेली. लोखंड सोडून बाकी सगळं ऐका आणि खणा. बुचं निघतील, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या निघतील. सगळं पिशवीत भरून बाहेर न्या.

दुसरी चूक खाऱ्या ओल्या वाळूतली. मीठपाणी वीज वाहतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा डिटेक्टर तिथे उगाच बोंबलतो. बीच मोड लावा, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळवणी) ओल्या वाळूवरच करा आणि आवाज शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी कमी करा. थोडी खोली गेली तरी चालेल, पण गोंगाटात अंगठीचा बारीक सूर ऐकूच येत नाही. अनेक फ्रिक्वेन्सींचं किंवा पल्स इंडक्शनचं (विजेचे थांबून-थांबून ठोके सोडणारं) मशीन इथे बरं पडतं. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजं असतात, तिथे बॅलन्स पुन्हा करावा लागतो. रिसॉर्टच्या अंगणात जांभ्याचे खडेही खोटा आवाज देतात. कॉइलच्या (जमिनीवर फिरवायच्या चकतीच्या) कव्हरात काळी वाळू साचली असेल तर तीही मशीनला फसवते, म्हणून कव्हर काढून धुवा.

हवेत अंगठी धरून केलेल्या चाचणीवर विसंबू नका. तशीच दुसरी अंगठी रंगीत दोऱ्याला बांधा, त्याच वाळूत चार, सहा आणि आठ इंचांवर पुरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा व आवाज लक्षात ठेवा. जोडवं चांदीचं असलं तरी तोंड उघडं असल्यामुळे सलग कड्यापेक्षा पुष्कळ क्षीण आवाज देतं. बारीक साखळी तर जवळजवळ ऐकूच येत नाही. मंगळसूत्र शोधताना लक्ष वाट्यांच्या आवाजाकडे ठेवा.

कॉइल फिरवणं आणि खणणं

काठ्या आणि सुतळीने मीटर-मीटरच्या पट्ट्या आखा. कॉइल जमिनीपासून इंचभर वर, पूर्ण आडवी आणि सावकाश फिरवा. झोक्याच्या टोकाला हात वर उचलला जातो आणि पट्ट्यांच्या कडा तशाच राहतात. प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या भागावर यायला हवी. मग तोच चौकोन आडव्या दिशेने पुन्हा काढा, कारण उभी रुतलेली अंगठी एका बाजूने निसटते. मोबाइल खिशातून काढा. दुसरा डिटेक्टर असेल तर दहा मीटर लांब ठेवा.

कुदळ नको, अंगठीवर बसली की कडं वाकतं. आवाजाच्या जागेच्या किंचित मागून स्कूप (वाळू गाळणारं भोकांचं फावडं) घाला. वाळू बाहेर टाकली की आधी खड्ड्यावर, मग ढिगावर कॉइल फिरवा. खड्डे बुजवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जिथे खणायचंच नाही

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेघेच्या वरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात. या काळात तिथल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला विचारल्याशिवाय स्कूप लावू नका. विजयदुर्ग, सिंधुदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या आवारात तर नाहीच. अंगठीऐवजी जुनी नाणी लागली तर हात थांबवा. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं भूमिगत धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सापडलेली अंगठी लगेच उंच धरून दाखवू नका. आधी मागणाऱ्याकडून वर्णन घ्या. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बिलावर असेल तर तो ताडून बघा. खड्याची अंगठी असेल तर खड्याचं घर रिकामं नाही ना, ते जागेवरच तपासा. खडा धातू नव्हे, तो मशीनला कळत नाही आणि स्कूपच्या भोकांतून सहज गळतो. घर रिकामं दिसलं तर त्या खड्ड्याची आणि ढिगाची वाळू बादलीत भरा आणि बारीक चाळणीत पाणी ओतत चाळा.