आधी उपचाराची जागा ठरवा, मग तपासणीची तारीख

मी नर्स आहे. खेड्यापाड्यांतल्या बायकांची गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगासाठी तपासणी करणं हे माझं रोजचं काम. शिबिर घ्यायचंय, काय काय लागेल, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: ज्या बाईचा निकाल वाईट येईल तिला कुठे पाठवणार? तिथे कोण बघणार, कोणत्या वारी, आणि तिच्याबरोबर कोण जाणार? याची उत्तरं नसतील तर शिबिर पुढे ढकला. नाहीतर बाई निकालाचा कागद घेऊन घरी जाते, तो पेटीत पडून राहतो आणि तिच्या जिवाला नुसता घोर लागतो.

म्हणून पहिलं काम फोनचं. कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, कोणत्या दिवशी होते. गर्भाशयमुखाचा तुकडा काढून तपासायला दिला तर रिपोर्ट कधी मिळतो. रेडिएशनचं यंत्र जवळात जवळ कुठे आहे. ही माहिती लिहून घ्या आणि तिथल्या एखाद्या माणसाचं नाव मिळवा. नुसत्या चिठ्ठीवर गेलेली बाई मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवरूनच परत फिरते. आत कुणाला तरी ती येणार हे माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

मग यादी. ३० ते ४९ वयाच्या बायका आधी घ्या. एचआयव्ही असलेल्यांची तपासणी २५ पासूनच सुरू करा. पण संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, असं काही सांगणारी बाई शिबिराच्या रांगेत उभी करू नका. तिला थेट डॉक्टरकडे न्या. अशी दुखणी अंगावर काढायची सवय एवढी मुरलेली असते की "काही त्रास आहे का?" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. मी विचारते, "कापड कधी अवेळी खराब होतं का?" मग बोलतात.

तपासणी कोणती? व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. निकाल तिथल्या तिथे कळतो, हा मोठा फायदा. मात्र बघणारीचा डोळा तयार हवा, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये बघायचा भाग आत सरकलेला असतो, तिथे या तपासणीवर विसंबू नका. एचपीव्ही तपासणीत कर्करोगाला कारण होणारा विषाणूच शोधतात. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हीआयएने तसा ठोस फरक दिसला नाही. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये मात्र शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणून माझं मत असं: बाई पुन्हा हाती लागेल याची खात्री नसेल तर एचपीव्ही, व्हीआयएच करायची तर पुन्हा पुन्हा करायची तयारी ठेवा.

एचपीव्हीचा आणखी एक फायदा म्हणजे नमुना बाईला स्वतःच घेता येतो. पाय फाकवून टेबलावर झोपायचं या एका धास्तीने कितीतरी जणी येत नाहीत. त्यांना किटमधली काडी उघडून हातात द्या, कुठे धरायची आणि किती आत घालायची ते बोटाने दाखवा, आत कितीदा फिरवायची ते किटवर दिलं असेल तसंच सांगा. मी म्हणते, "काकू, दुखलं तर थांबा, जोर लावायचा नाही. काडीचं टोक कशाला लागू न देता थेट नळीत." पडदा ओढायचा आणि बाहेर उभं राहायचं. नळीवर नाव तिच्यासमोरच लिहा. कागदावर एक नाव आणि हाक मारायचं दुसरं असेल तर दोन्ही लिहा. नंतर बाई सापडत नाही ती बहुतेक वेळा यामुळेच.

त्याच वेळी विचारा, निरोप कुणाला द्यायचा? फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. "रिपोर्ट आलाय, भेटून जा" एवढंच सांगायचं, बाकी समोरासमोर.

आणि समोरासमोर काय सांगायचं, हे आधीच पक्कं करून ठेवा. एचपीव्ही सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींचा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. हा विषाणू संबंधांतून लागतो, पण कधी लागला हे तपासणीतून कळत नाही, त्यामुळे नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायला त्यात काही आधार नाही. हे स्वच्छ शब्दांत सांगितलं नाही तर घरात महाभारत होतं, आणि पुढच्या तपासणीला बाई येतच नाही.

कर्करोगाआधीचा बदल असेल तर गर्भाशयमुखाचा तेवढा भाग उष्णतेने जाळतात. हत्यार १०० अंशांपर्यंत तापवून २० ते ३० सेकंद धरायचं. भूल लागत नाही, टाका पडत नाही. पण प्रत्येकीला हे चालत नाही. डाग गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात शिरलेला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर पुढे पाठवावंच लागतं. जाळल्यावर काही आठवडे पाणी जातं, ते आधीच सांगा, नाहीतर ती घाबरते. चार आठवडे संबंध टाळा, जमत नसेल तर निरोध वापरा. वर्षाने पुन्हा तपासणी.

एक गोष्ट मी ठणकावून सांगते. पांढरं जातं म्हणून कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी झालीय का, ते विचारा. आत कर्करोग असेल आणि तुकडा न तपासताच साधी शस्त्रक्रिया झाली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो.

कर्करोग निघालाच आणि तो आसपास पसरू लागलेला असेल, तर साधारण पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस रेडिएशनचे शेक, आठवड्यातून एकदा केमोचं इंजेक्शन आणि शेवटी आतून शेक. हे सगळं आठ आठवड्यांत पुरं व्हायला हवं. मध्ये खंड पडला की गुण कमी येतो. रोजची ये-जा करून हे निभत नाही. राहायची सोय, घरी मुलांना आणि जनावरांना कोण बघणार, सोबत कोण, हे पहिला शेक घ्यायच्या आधी ठरवा आणि घरातल्या कर्त्या माणसाला समोर बसवून ठरवा. रक्त आधीच तपासून घ्या, हिमोग्लोबिन फार कमी असेल तर चढवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुलाब, थकवा सुरू होतो आणि "आता बरं वाटतंय, रक्तही थांबलंय" म्हणत बाया घरी निघतात. त्या आठवड्यात फोन करा, जमलं तर जाऊन या.