इंजिन परगावी पाठवताय? आधी चेंबरखाली हात घालून बघा

बेळगावच्या ऑटोनगरात एका गॅरेजमध्ये तयार झालेली इंजिनं पेटीबंद करून परगावी पाठवायचं काम मी आठ वर्षं करतोय. इंजिन उतरवणं, बांधणं तुम्हाला तुमच्या मेस्त्रीनं शिकवलंच असणार, ते मी सांगत बसत नाही. इंजिन टेस्ट झालं, पार्टीचे फोन चालू झाले, आता ते लॉरीत चढवून निपाणीच्या पलीकडं धाडायचंय, तिथून पुढचं सांगतो. ह्याच टप्प्यावर माझ्या हातनं एका माणसाचा अख्खा ऊस हंगाम गेला. ते मला आजही बोचतंय.

माझं तिसरं वर्ष होतं. कऱ्हाडकडच्या एका ऊस वाहतूकदाराचं टाटा ६९७, सहा सिलिंडरचं. कारखाने सुरू झालेले, माणूस रोज दोनदा फोन करायचा. पेटीला दोन दिवस लागले असते. लॉरीवाला म्हणाला, "पेटी कशाला ओ? जुना टायर घाला की खाली, मस्त बसतंय." आमच्या मोठ्या मेस्त्रींनीही मान डोलावली, ते वर्षानुवर्षं असंच पाठवत आलेले. टायर टाकला, वर इंजिन बसवलं, दोर आवळला, फाळका लावला. लॉरी गेली.

इथं थांबून नीट समजून घ्या. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन अर्ध्या टनाच्या आसपास भरतं. ते टायरवर ठेवलं की सगळं वजन चेंबरवर येतं. चेंबर म्हणजे तेलाचं भांडं, वजन पेलायला तो केलेलाच नाही. गाडीत इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे चासीला धरणाऱ्या पायांवर बसतं, चेंबर खाली मोकळा लोंबतो. लॉरी उभी असताना टायर मऊ वाटतो, पण वंटमुरीचा घाट, मग तवंदीचा घाट, मधले खड्डे, प्रत्येक हिसक्याला तेच अर्धा टन दुपटीनं खाली आदळतं. ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर तडकतो, तेल गळतं, निदान कळतं तरी. आमचा पत्र्याचा होता. तो तडकला नाही, आत दबला. आणि आत, तळापासून बोटभर वर, तेल ओढणाऱ्या पाइपाची चाळणी असते. पत्रा वर आला, चाळणीच्या तोंडाला टेकला.

इंजिन पोचलं, बसवलं, चालू झालं. स्लोवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, ऑइल प्रेशर दाखवत होतं, कारण स्लोवर तेल थोडंच लागतं. उसाचा लोड घेऊन चढाला लागल्यावर पंपाला हवं तेवढं तेल मिळेना. पहिल्याच फेरीत क्रँकच्या मेन बेअरिंगा तेलाविना जाम झाल्या. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. चेंबर उतरवला तेव्हा खालच्या तेलात चंदेरी चुरा तरंगत होता, चाळणीच्या तोंडाचा गोल ठसा पत्र्यावर उमटलेला. क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे. तो माणूस ओरडला नाही. "आता हंगामाचं काय करू?" एवढंच म्हणाला.

म्हणून टायरवर इंजिन पाठवणं हा शॉर्टकट नाही, ते नुकसानच आहे, आणि कुणी तीस वर्षं करत आला म्हणून ते बरोबर ठरत नाही. इंजिन बांधायला मेस्त्रीकडून शिका, त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. पण ते पाठवायचं कसं हे ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधल्या जुन्या हमालाला विचारा. कुठली पेटी कुठं फुटते हे रोज तोच बघतो. मला खरं शिकवलं ते अशाच एका अण्णांनी, चहाच्या गाड्यावर उभं राहून.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आधी लोखंडी स्टँड. सी चॅनेल कापून वेल्डिंग करायचं, पुढं दोन्ही फाउंडेशनच्या जागी आणि मागं फ्लायव्हील हाउसिंगला बोल्टनं धरायचं. इंजिन त्यावर बसलं की चेंबरखाली चार बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. नाही गेली तर स्टँड उंच करा, दुसरा उपाय नाही. मग स्टँड चार इंची लाकडी रनरवर, म्हणजे पेटीखालच्या जाड आडव्या लाकडांवर, आरपार बोल्टनं, मोठा वायसर टाकून आवळा. खिळे ठोकू नका, हादऱ्यानं सुटतात. वखारीतून लाकूड आणताना वाळलेलं बघून घ्या. ओलं लाकूड वाटेत आकसतं आणि घट्ट बोल्ट ढिला होतो. रनरमधून फोर्कलिफ्टचे दात जातील एवढी जागा ठेवा.

तेल, पाणी, डिझेल सगळं काढायचं. टर्बोची तोंडं, डिझेलच्या लायनी, पाण्याची नळी बंद करायची, पण चिंधी कोंबून नाही. चिंधी आत राहते आणि बसवणाऱ्याला दिसत नाही. प्लॅस्टिकची टोपी किंवा लाकडी बूच लावा, त्याला लाल फडकं बांधा. पावसाळ्यात नुसतं काळं प्लॅस्टिक गच्च गुंडाळलं की आत घाम सुटतो, इंजिन पोचेपर्यंत गंज. गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी मिळते, ती वापरा आणि वरून ताडपत्री टाका. उचलताना साखळी इंजिनाच्या दोन्ही हुकांनाच लावा, मॅनिफोल्डला नाही.

वजन खरं लिहा. भाडं वाचवायला सहाशेची पेटी साडेतीनशे लिहिणारे मी बघितलेत. समोरचा हमाल तो आकडा बघून हात घालतो आणि त्याची कंबर जाते. मोठ्या अक्षरात, कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा, वरच्या बाजूला बाण काढा. बुकिंग करायच्या आधी एक प्रश्न विचाराच: उतरवायच्या गोडाऊनला फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा क्रेन आहे का? नसेल तर पेटी फाळक्यावरून खाली पाडतात. तसं असेल तर भाडं जास्त गेलं तरी दुसरा ट्रान्सपोर्ट धरा.

कागदपत्रांना घाबरू नका, एकदा जमलं की दहा मिनिटांचं काम आहे. ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना, लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या सीमाभागातला माणूस अडकतो तो दुसरीकडं. क्रँक ग्राइंडिंगला किंवा पंप कॅलिब्रेशनला कोल्हापूरला पाठवताना आपल्याला तो शेजारचा गाव वाटतो, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदललं. जॉबवर्कसाठी, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, तो दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतंच, सोबत डिलिव्हरी चलन. साध्या मालाला बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर जाताना, पेटी दुसऱ्या लॉरीत टाकली की ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये नवा गाडी नंबर चढवायला ट्रान्सपोर्टला फोन करून आठवण द्या.

विमा वेगळा उतरवा. २०११ च्या रस्ता माल वाहतूक नियमांनुसार, जास्तीचा रिस्क दर भरला नसेल तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. भाडं ३,००० असेल तर ३०,००० रुपये. तेवढ्यात क्रँकसुद्धा येत नाही. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. माझ्या त्या वेळी विमाही नव्हता आणि पावतीवर शेराही नव्हता, त्यामुळं मागायला तोंड नव्हतं. बेअरिंगा, क्रँक, मजुरी आमच्या गॅरेजनं भरली. हंगाम भरून देता आला नाही.

नवीन पोरांनो, पहिली दोन-तीन पेट्या करताना हात थरथरतो, रात्री झोप लागत नाही. माझंही तसंच होतं. पाचव्या-सहाव्या पेटीपासून हाताला सवय होते, ती होतेच. फक्त एक गोष्ट सवयीवर सोडू नका. पेटीच्या फळ्या मारायच्या आधी चेंबरच्या तळाला स्टीलची पट्टी लावून फोटो काढा आणि पार्टीला पाठवा. पेटी पोचली की त्यांनाही तशीच पट्टी लावून बघायला सांगा, सही करायच्या आधी. पट्टीखाली उजेड दिसला तर पावतीवर तिथंच शेरा मारायचा, आणि चेंबर उतरवून चाळणी बघितल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. पट्टी सरळ बसली तरी तेल भरून, इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून ठेवून, प्रेशरचा काटा हलेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारायचा.

कऱ्हाडच्या त्या माणसाची पुढची दोन इंजिनं आमच्याकडंच आली. दोन्ही वेळा पेटीबरोबर मी स्वतः लॉरीत बसून गेलो, आणि दोन्ही वेळा पट्टी त्यानंच लावली.