चंद्र कधी विझवायचा

‘मेसीच्कु, नेझहास्नी’, म्हणजे ‘चंद्रा, विझू नकोस’, असं नायिका जीव तोडून गात होती आणि मी तिचा चंद्र विझवून टाकला.

तालीमच होती, म्हणून निभावलं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोमध्ये रंगभूमीचं शिक्षण घेताना मी एका लहान शहरातल्या थिएटरात ‘रुसाल्का’ या ऑपेरासाठी उमेदवारी करत होते, इन्स्पिसिएंटच्या हाताखाली. हा माणूस विंगेत स्वरलिपीचं जाडजूड बाड उघडून बसतो आणि दिवे, पडदा, नटांचे प्रवेश, सगळ्यांना इशारे देतो. त्या शब्दावर माझी खूण होती ती ‘तयार राहा’ची. चंद्र ढगाआड जायचा होता गाणं संपल्यावर. मी ‘तयार’ऐवजी ‘आता’ म्हणाले. कोरसमधल्या बायका खुदकन हसल्या. दिग्दर्शक काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून ‘तयार’ निळ्या पेन्सिलीनं आणि ‘आता’ लाल. तुम्ही पहिल्या दिवसापासून तसंच करा.

आणि शब्दांवर विसंबू नका. चंद्र उगवतो तो ‘मेसीच्कु’ या शब्दावर नाही, त्याआधीच्या हार्पवर. सूर कानात बसला नसेल तर नुसती संहिता पाठ असून उपयोग नाही. मी संगीत नाटकं बघत वाढले. तिथे गद्य संवाद संपला की पद सुरू होतं, मध्ये श्वास घ्यायला जागा असते. इथे तीन अंक गाणं थांबतच नाही.

आंतोनीन द्वोर्झाकनं हा ऑपेरा १९००मध्ये लिहिला. पहिला प्रयोग ३१ मार्च १९०१ला प्रागच्या राष्ट्रीय थिएटरात झाला. संहिता यारोस्लाव क्वापिलची. त्यानं याला ‘लिरिक परीकथा’ म्हटलं, त्यामुळे आईबाप मुलांना घेऊन येतात आणि शेवटी राजपुत्र नायिकेच्या चुंबनानं मरतो! पण चेक माणसाला त्यात वावगं वाटत नाही. जलपुरुष वोदनिक त्याच्या ओळखीचा आहे: हिरवा, कोटाच्या शेपटातून पाणी ठिबकणारा, बुडालेल्यांचे आत्मे झाकणाच्या भांड्यात कोंडून ठेवणारा. चेटकीण येझिबाबाचा मंत्र ‘चुरी मुरी फुक’ असा आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चुरमुरेच आठवले.

नवख्यांना वाटतं की अवघड म्हणजे ते चंद्राचं गाणं. ते गायिकेसाठी. आपल्यासाठी अवघड दुसरा अंक. माणूस होण्याच्या बदल्यात जलपरी रुसाल्कानं वाचा देऊन टाकलेली असते, त्यामुळे अख्ख्या ऑपेराची नायिका या अंकात बराच वेळ मुकी उभी असते. नाच चालू आहे, परकी राजकन्या राजपुत्राला भुलवते आहे, आणि हिच्या वाट्याला एक सूर नाही. वोदनिक आला की मात्र ती पुन्हा गाते, कारण तो तिच्या जातकुळीतला. स्वरलिपीत तिची ओळच नाही, म्हणून माझंही तिच्याकडे लक्ष नसायचं. एकदा ती ठरल्यापेक्षा दोन पावलं पुढे, सरकत्या खांबाच्या वाटेत उभी होती आणि मी मजेत पानं उलटत होते. खांब ढकलणाऱ्याच्या नजरेला आलं म्हणून बरं. त्या रात्री मी बाडाच्या समासात तिच्या हालचालींची वेगळी ओळ काढली. गायकाचं गाणं ऑर्केस्ट्रा सांभाळतो. न गाणाऱ्या माणसाला सांभाळायला विंगेतल्याशिवाय कोणी नसतं.

तळ्याबद्दल थोडक्यात. कोरड्या बर्फाचं धुकं जमिनीलगत राहतं, सुरेख दिसतं आणि उतार मिळाला की सरळ ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात ओतलं जातं. खाली वाजवणारे वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. किती सोडायचं ते त्यांना विचारून ठरवा. खरं पाणी आणायची हौस दिग्दर्शकाला असली तर कोरसच्या बुटांचे तळवे आधी बघून घ्या.

भाषेची भीती मात्र बाळगू नका. बाकीचे परदेशी जिथे अडतात तिथे मराठी माणूस निम्मा पुढे असतो. चमच्यातला च आणि चहातला च वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. चेकमध्ये ती दोन निराळी अक्षरं आहेत. आपला घोषयुक्त ह त्यांच्याकडे जसाच्या तसा. ‘हृदय’ला ते म्हणतात ‘स्र्द्त्से’, त्यात आधी स्वरच सापडत नाही. मग कळतं की तिथे र्‌च स्वराचं काम करतो, आपल्या जुन्या ऋसारखा. द्वोर्झाकच्या नावातलं ते ‘र्झ’ अक्षर मात्र मला दोन वर्षांनीही नीट जमत नाही.

पहिल्या प्रयोगाला सगळे एकमेकांना ‘मान मोड’ अशी शुभेच्छा देतात. त्यावर आभार मानायचे नसतात. मी मानले, आणि प्रॉम्प्टर आजींनी कपाळाला हात लावला.

चंद्र वेळेवर मावळला. शेवटच्या पडद्याचा इशारा इन्स्पिसिएंटनं मला देऊ दिला. माझ्या बाडात त्या जागी इतकं खोडून खोडून लिहिलंय की कागदाला भोक पडलंय, त्यामुळे ती लाल खूण खरं तर मागच्या पानावर आहे.