मातीच्या कुंडीत धुरावलेलं चिकन आणि मटण: घरी कसं करावं

धुरी आपल्या स्वयंपाकाला नवी नाही. लाल निखारा वाटीत ठेवायचा, वर तुपाची धार सोडायची आणि पातेल्यावर झाकण दाबायचं, की पाच मिनिटांत रस्सा घमघमतो. पण तो वास तुपाच्या धुराचा असतो आणि वरवरच राहतो. इथे सांगतेय तो प्रकार निराळा आहे. यात मांस लाकडाच्या धुरातच, मंद आचेवर, काही तास शिजतं. मग ते गरम जेवा, नाहीतर थंड करून पातळ काप काढा आणि ब्रेडमध्ये घाला. इंदूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी दर थंडीत हे करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्याला उत्तम. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं आणि मे महिन्यात मांस बाहेर ठेवायची भीती वाटते.

आधी जागेचं बोलू, कारण यात तडजोड नाही. हे काम फक्त उघड्यावर करायचं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. काचा लावलेली बाल्कनीसुद्धा नको. शेजारी शाकाहारी असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं. धूर त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांपर्यंत जातो.

भट्टी म्हणून मी कुंभाराकडची मातीची कुंडी वापरते. तोंड साधारण दीड फूट, रंग किंवा वॉर्निश न लावलेली. कुंभाराला तळाशी बाजूने तीन भोकं पाडून द्यायला सांगायचं, हवा तिथूनच आत येते. कुंडी तीन विटांवर ठेवायची. आत तळाशी लोखंडी जाळी, तिच्यावर कोळसा. वरच्या तिसऱ्या भागात बसेल अशी स्टीलची जाळी, तिच्यावर मांस. आणि झाकायला मातीची पसरट परात. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा पिंप वापरू नका, तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघते. नवी कुंडी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि मग अगदी थोड्या कोळशावर तासभर तापवायची. माझी पहिली कुंडी मी आणल्या दिवशीच भरभरून पेटवली होती. अर्ध्या तासात ती वरपासून खालपर्यंत तडकली आणि आतला मटणाचा तुकडा निखाऱ्यांत पडला.

दुसरी गरजेची वस्तू म्हणजे सुई असलेला डिजिटल थर्मामीटर. हजार रुपयांच्या आत मिळतो. तो नसेल तर हे करू नका असंच मी म्हणेन, कारण धुरातलं मांस वरून शिजलेलं दिसतं आणि आत कच्चं असू शकतं.

लाकूड कठीण आणि खडखडीत वाळलेलं हवं. आंबा चांगला. बाभूळ उग्र, म्हणून थोडीच. माझ्या आवडीचं लाकूड पेरूचं. इकडे माळव्यात पेरूला जाम म्हणतात आणि जामाचं झाड बऱ्याच अंगणांत असतं. छाटणीच्या फांद्या सहा महिने पत्र्याखाली ठेवल्या की काम होतं. कडुलिंब नको, एकदा वापरला तर सगळं चिकन कडू झालं. चीड आणि देवदार चिकट राळेचे, तेही नकोत. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, खोक्यांच्या पट्ट्या यांना तर हातच लावू नका. लाकूड भिजवून घालावं असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. पाणी आत मुरत नाही, आधी नुसती वाफ निघते आणि निखारा मंदावतो. मुठीएवढे कोरडे तुकडे घ्या. चिकनला दोन, मटणाला चार पुरतात.

आता मांस. चिकन आणताना एक गोष्ट सांगावीच लागते, नाहीतर दुकानात ते सवयीने सोलूनच देतात. मी आधीच म्हणते, "भैया, खाल मत उतारना, बस पर साफ कर देना." कातडी असली की मांस सुकत नाही. मटणाचा हवा फऱ्या, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा. इथल्या दुकानात त्याला दस्ती म्हणतात. 1818मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, आणि इथल्या मराठी घरांत अजूनही घरात फऱ्या आणि दुकानात दस्ती अशी दोन नावं चालतात. मांडी दिसायला देखणी, पण बकऱ्याच्या मांडीला चरबी कमी, ती कोरडी पडते.

सव्वा किलोच्या कोंबडीसाठी दोन लिटर पाण्यात 100 ग्रॅम मीठ आणि 50 ग्रॅम गूळ विरघळवा. पाठीचा कणा कात्रीने कापून काढा, कोंबडी उताणी पसरून दाबा आणि त्या पाण्यात बुडवून सहा तास फ्रिजमध्ये ठेवा. फऱ्याला पाणी नको. किलोला 15 ग्रॅम या हिशेबाने मीठ चोळा, वर जाडसर कुटलेली मिरी, धणे, ठेचलेला लसूण, आणि रात्रभर ठेवा.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. मांस फडक्याने टिपून घ्या आणि झाकण न घालता जाळीवर फ्रिजमध्ये आणखी काही तास ठेवा. चिकन मी रात्रभर ठेवते. सकाळी बोट लावलं तर ते ओलं होत नाही, पण कातडी किंचित चिकटते, वाळत आलेल्या डिंकासारखी. धूर अशा पृष्ठभागावर नीट बसतो. पाणी ठिबकत असेल तर काजळीचे ओघळ उठतात.

पेटवताना रॉकेल नको, त्याचा वास मांसात उतरतो. कुंडीत न पेटलेला कोळसा पसरा. गॅसवर जाळी ठेवून आठ-दहा कोळसे लाल करून घ्या आणि वर मधोमध ठेवा. आच हळूहळू खाली उतरत जाते. थर्मामीटरची सुई परातीच्या कडेतून आत सोडा. मटणाला आत 110 ते 120 अंश सेल्सिअस हवं, चिकनला 130 ते 140, नाहीतर कातडी रबरासारखी राहते. परातीखाली एका बाजूला खापराचा तुकडा सरकवून धुराला वाट ठेवायची. आच वाढली तर खालचं एखादं भोक बंद करा. वरची वाट मात्र कधीही बंद करायची नाही.

आता लाकूड ठेवा आणि धुराकडे बघा. पहिली दहा-पंधरा मिनिटं तो पांढरा, दाट, डोळे झोंबवणारा येतो. तेव्हा मांस आत ठेवायचं नाही. अर्धवट जळणारा तो धूर मांसावर डांबरासारखा कडू थर चढवतो. थोड्या वेळाने धूर विरळ होतो, निळसर दिसतो, कधी कधी फक्त हवेतली थरथर दिसते आणि वास गोडसर येतो. आता मांस ठेवा. सुरुवातीला मला वाटायचं, धूर दिसतच नाही म्हणजे काही होत नाहीये, आणि मी लाकूड वाढवत राहायचे. चूक तीच होती.

चिकनला दीड ते दोन तास लागतात. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, सुई खुपसा. 74 अंश झालं की झालं. हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं तर घाबरू नका. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जोडले जातात आणि गुलाबी छटा उरते. रंगावर नाही, आकड्यावर भरवसा ठेवा.

फऱ्याची गोष्ट लांबते. दोन-अडीच तासांत तो 65-70 अंशांवर येतो आणि तिथेच अडतो. तासभर आकडा हलत नाही. मांसातून बाहेर येणारं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, घाम आल्यावर आपलं अंग गार पडतं तसं. तेव्हा कोळसा वाढवू नका. फऱ्या केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, आत अर्धी वाटी आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, सोडा आणि परत ठेवा. गुंडाळल्यावर धूर आत जात नाही, म्हणून उरलेलं काम घरातल्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर केलं तरी चालतं. आतलं तापमान 93-95 अंशांवर गेलं की स्नायूंमधले चिवट धागे विरघळून मांस लोण्यासारखं सुटतं. एकूण पाच-सहा तास धरा. बाहेर काढल्यावर पाऊण तास तसंच गुंडाळलेलं राहू द्या.

एक इशारा. न शिजवता, गार धुरात मांस टिकवण्याचा प्रकार घरी करू नका. त्याला नायट्रेटयुक्त मीठ आणि नेमका हिशेब लागतो, आणि चुकलं तर बोट्युलिझमसारखी जीवघेणी विषबाधा होऊ शकते. आपलं धुरावलेलं मांस शिजलेलं असतं, टिकाऊ नसतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि तीन-चार दिवसांत संपायला हवं.

सँडविचसाठी चिकन रात्रभर गार होऊ द्या. गरम मांस सुरीखाली फाटतं, गार मांसाचे कागदासारखे काप निघतात, तेही धाग्याला आडवे. ब्रेड लोण्यावर तव्यावर भाजा, चक्क्यात थोडी मोहरी आणि लसूण वाटून लावा, वर काप, व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, आणि चिमूटभर जिरावण. इंदूरला पोह्यांवर घालतात तोच हा मसाला. त्यात काळं मीठ आणि आमचूर असतं, म्हणून आधी चाखून मगच वर मीठ घाला. फऱ्याचं मांस मात्र हाताने मोकळं करायचं, पानातला रस त्यातच कालवायचा आणि मक्याच्या भाकरीबरोबर वाढायचं.

हाडं टाकू नका. दुसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीबरोबर कुकरमध्ये घाला, डाळ शिजली की हाडं काढून टाका आणि वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्या. आमच्याकडे मुलं फऱ्यापेक्षा त्या डाळीची जास्त वाट बघतात.